मामांसाठी बिनसाखरेचं चॉकलेट मूस, तेही ॲव्होकॅडोचं

आमच्याकडं जेवण झालं की गोड लागतंच, बाकी कुणाला नाही लागलं तरी मामांना लागतंच. मामा म्हणजे माझे सासरे. करवीर तालुक्यात नदीकाठाला आमचा ऊस, पूर्वी घरचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळं त्यांचं सगळं आयुष्य काकवी आणि गरम गुळाच्या वासात गेलेलं, आणि अशा माणसाचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट, साडेसातच्या पुढं आलं. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ पासून पुढं डायबेटिस, असा हिशोब असतो, म्हणजे काठावरचंसुद्धा नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं, भात-चपाती ठरवून दिली आणि गोड बंद. बाकीचं मामांनी सगळं ऐकलं. रोज सकाळी रंकाळ्यावर फेरी सुरू केली, भात अर्ध्यावर आणला, चहा बिनसाखरेचा घ्यायला लागले. पण रात्रीचं जेवण झाल्यावर काहीतरी राहिलंय असं वाटून ते ताटावरनं उठायचेच नाहीत, आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, बडीशेप आणून द्यायच्या आणि ते ती न खाता हातातच धरून बसायचे. त्यांच्यासाठी खरंखुरं गोड, म्हणजे वाटीत घेऊन चमच्यानं खाण्यासारखं, काय करता येईल याच्यामागं मी लागले ते तिथून.

कोल्हापुरात असं काही विचारलं की पहिला सल्ला ठरलेला, "साखर सोडा, गूळ घाला की, गुळाला काय होतंय." शेजारच्या काकू, भाजीवाल्या मावशी, माझी सख्खी बहीण, सगळ्यांनी हेच सांगितलं. आपल्या गुळाचा मला अभिमान आहे, राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये जीआय मानांकनसुद्धा मिळालंय, पण डायबेटिसच्या बाबतीत खरं ते खरंच सांगायला पाहिजे. गुळात बहुतेक सगळी साखरच असते, जरा लोह आणि खनिजं जास्त असतील, पण रक्तातली शुगर गुळानंही चढते आणि साखरेनंही चढते. मध, खजूर, अंजीर यांचंही तेच. दुकानात शुगर फ्री म्हणून मिळणाऱ्या मिठाया मी उलटून बघितल्या, त्यात साखर नसते हे खरं, पण काहीत मैदा, काहीत खजूर भरलेला, म्हणजे कार्ब्ज (पिष्ट आणि साखर) आहेतच. हे मामांना सगळ्यात आधी पटलं, ज्यानं जन्मभर गूळ केला त्याला गुळात काय आहे ते आम्ही काय सांगणार.

ॲव्होकॅडोचं नाव माझ्या मुलीनं काढलं. ती पुण्याला शिकायला आहे, सुट्टीला आली की फोनवर काय काय बघत असते, तिनं ॲव्होकॅडोचं चॉकलेट मूस, म्हणजे चमच्यानं खायचं गार, मऊ चॉकलेटचं गोड, दाखवलं आणि म्हणाली, "मम्मी, आबांना चालतंय बघ हे, मी बघितलो सगळं, कार्ब्ज कमी आहेत." मला आधी पटेना. फळ आणि चॉकलेट एकत्र, आणि ते फळसुद्धा गोड नाही, आंबट नाही, कशाचीच धड चव नसलेलं. पण मग मी आकडे बघत बसले आणि तिथं डोक्यात लख्ख उजेड पडला. ॲव्होकॅडोला फळ समजायचंच नाही, त्याला लोणी समजायचं. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम फॅट असतं, त्यातलं बहुतेक ओलेइक ॲसिड, म्हणजे ऑलिव्ह तेलात असतं तेच. कार्ब्ज साडेआठ ग्रॅम दिसतात पण त्यातले जवळजवळ सात ग्रॅम फायबर, जे पचून साखर होत नाही. साखर म्हणाल तर एक ग्रॅमसुद्धा नाही. हापूस आंब्याचा विचार करा, केळ्याचा करा, एकही फळ असं नाही. एकदा हे लक्षात आलं की सगळी रेसिपी आपोआप समजते, कारण मूसमध्ये जे काम क्रीम आणि लोणी करतं ते इथं ॲव्होकॅडो करणार, आणि चव सगळी कोकोची असणार.

आता फळ आणायचा विषय, आणि सगळी गंमत याच्यातच आहे, बाकी मिक्सर फिरवणं कुणालाही येतं. कोल्हापुरात आता ॲव्होकॅडो मिळतं, राजारामपुरी, शाहूपुरीकडच्या मोठ्या फळांच्या दुकानांत असतं, कपिलतीर्थ मंडईत सहसा दिसत नाही. दोन प्रकारची येतात. एक आपल्याकडचं, दक्षिणेतनं येणारं, कूर्ग, वायनाड, निलगिरी भागातलं, त्याला बटर फ्रूट पण म्हणतात, आकारानं मोठं, साल हिरवी आणि गुळगुळीत, पिकलं तरी बऱ्यापैकी हिरवीच राहते. दुसरं हास, लहान, साल खरबरीत, पिकताना हिरव्याची काळपट जांभळी होते, हे बाहेरच्या देशातनं येतं, टांझानियाचा स्टिकर बरेचदा दिसतो. आपल्याकडचं स्वस्त पडतं पण त्यात पाणी जास्त आणि फॅट कमी, मूस जरा सैल होतं आणि कधी कधी गरात दोरे असतात. हास महाग, एका फळाला शंभर-दीडशे सहज जातात, पण गर लोण्यासारखा घट्ट. मला विचाराल तर पहिल्यांदा करताना हासच घ्या, आणि हात बसला की आपल्याकडचं वापरा, फक्त चक्का जरा जास्त घाला.

दुकानदाराला "आजच पाहिजे, पिकलेलं द्या" असं म्हणून आणायला जाऊ नका. दुकानात पिकलेलं असतं ते दहा लोकांनी अंगठ्यानं दाबून बघितलेलं असतं, आत काळे डाग पडलेले असतात. कडक घ्यायचं आणि घरी पिकवायचं. हे फळ झाडावर पिकतच नाही, तोडल्यावरच पिकतं, आपण आंब्याची अढी घालतो तसाच प्रकार. कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवायचं, सोबत एक पिकलेलं केळं ठेवलं की इथिलिन वायूमुळं लवकर होतं. आत्तींना हे एका शब्दात कळलं, त्यांनी माझ्या हातातनं फळं काढून घेतली आणि ज्या डब्यात दरवर्षी पायरी आंबे पिकवतात त्याच डब्यात ठेवून दिली, रोज सकाळी उघडून बघायच्या आणि मला रिपोर्ट द्यायच्या. कडक फळ फ्रिजमध्ये ठेवायचं नाही, थंडीनं पिकणं थांबतं आणि मग ते रबरासारखंच राहतं. पिकल्यावर मात्र फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवस थांबतं.

पिकलं की नाही ते बघायला मधल्या भागावर दाबायचं नाही, देठाजवळ हलकं दाबायचं. जरा दबलं पाहिजे, बोट आत जाता कामा नये. अजून एक खूण म्हणजे देठाचं छोटं बुड असतं ते नखानं उडवायचं, खाली हिरवं-पिवळं दिसलं तर आत मस्त असणार, तपकिरी दिसलं तर उतरलेलं. कच्च्या ॲव्होकॅडोचं मूस करायचा प्रयत्नच करू नये, तुरट लागतं आणि कितीही फिरवा, कण राहतात. आणि शिजवून मऊ करू असंही मनात आणू नका, गरम केलं की हे फळ कडू होतं.

कोको पावडर घेताना डोळे उघडे ठेवून घ्या. ड्रिंकिंग चॉकलेट वेगळं, त्यात निम्म्यापेक्षा जास्त साखरच असते बहुतेक वेळा. पाकिटाच्या मागं फक्त कोको असं लिहिलेलं पाहिजे, साखर शून्य. कोकोत पण दोन जाती, एक नैसर्गिक, फिक्कट तपकिरी आणि जरा आंबटसर, दुसरी अल्कलीनं धुतलेली, जिला डच कोको म्हणतात, रंगानं गडद आणि चवीला सौम्य. मी चक्का घालते, चक्का मुळात आंबट, त्यात नैसर्गिक कोको घातला की आंबटाला आंबट मिळतं आणि मामा लगेच म्हणतात "दही लागतंय". डच कोकोनं तो प्रश्नच मिटतो. चक्का न घालता नुसतं क्रीम घालणार असाल तर नैसर्गिक कोको पण छान लागतो.

गोडाचं काय, हा सगळ्यात अवघड भाग, आणि इथं प्रत्येकाचं मत वेगळं असणार. मी एरिथ्रिटॉल (साखरेसारखं दाणेदार, पण शुगर न वाढवणारं) आणि जरासा स्टेविया (एका झाडाच्या पानांचा गोड अर्क) असं मिळून घालते. नुसता स्टेविया घातला की गिळल्यानंतर मागनं कडू येतं, कोको आधीच कडू त्यामुळं ते जास्तच जाणवतं. नुसतं एरिथ्रिटॉल घातलं तर साखरेच्या सत्तर टक्केच गोड, म्हणून खूप घालावं लागतं, आणि जिभेवर पेपरमिंटसारखं गार गार लागतं, शिवाय फ्रिजमध्ये गेल्यावर त्याचे खडे परत तयार होतात आणि दाताखाली कचकच येतात. दोन्ही थोडं थोडं घेतलं की एकाचा दोष दुसरा झाकतो. एरिथ्रिटॉल आधी कोरड्या भांड्यात बारीक पिठीसाखरेसारखं करून घ्यायचं, हे टाळायचं नाही. मध्यंतरी, २०२३ मध्ये, रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असणाऱ्या लोकांत हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकचं प्रमाण जास्त दिसलं असा एक अभ्यास आला होता. त्यानं एरिथ्रिटॉलमुळंच तसं होतं असं सिद्ध होत नाही, पण मामांचं वय सत्तरीच्या पुढं, म्हणून मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते म्हणाले, थोडं आणि कधीतरी असेल तर हरकत नाही, रोजचं करू नका. तेव्हापासनं मी प्रमाण कमी ठेवलंय आणि आठवड्यातनं एखाद-दोन वेळाच करते. खरं सांगायचं तर गोड कमी केल्यावर चॉकलेटची चव जास्त कळायला लागली, आता तर मामांनाच जास्त गोड नको वाटतं.

प्रमाण असं, सहा लहान वाट्यांचं. दोन ॲव्होकॅडो, गर साधारण २५० ग्रॅम. कोको ३५ ग्रॅम, म्हणजे सपाट सहा मोठे चमचे. चक्का १०० ग्रॅम. साय किंवा फ्रेश क्रीम चार मोठे चमचे. एरिथ्रिटॉल ४० ग्रॅम, स्टेवियाचे थेंब चवीनं. इन्स्टंट कॉफी अर्धा छोटा चमचा, मीठ चिमूटभर, व्हॅनिला अर्धा चमचा. बस्स. चक्क्यासाठी मी घरीच म्हशीच्या दुधाचं दही लावते. गंगावेशीत दूध कट्ट्यावर समोर धार काढून मिळतं ते म्हशीचं दूध, त्याच्या दह्याचा चक्का इतका घट्ट आणि पांढराशुभ्र होतो की नुसता बघत राहावं. मलमलच्या कापडात बांधून रात्रभर फ्रिजमध्येच टांगायचं, खाली पातेलं, बाहेर टांगलं तर आंबट चढतो. पाणी निथळतं त्याच्याबरोबर दुधातली साखर पण थोडी निघून जाते, हा आपला फायदाच.

करायची पद्धत. सुरुवात कोकोपासनं. एका वाटीत कोको, कॉफी आणि मीठ घ्यायचं आणि उकळतं पाणी थोडं थोडं घालत घोटायचं, अंदाजे पाच-सहा मोठे चमचे पाणी लागतं. आधी गुठळ्या होतात, घाबरायचं नाही, चमच्याच्या पाठीनं वाटीच्या कडेला दाबत राहायचं, मग एका क्षणी ते सगळं एकजीव होतं आणि चमकायला लागतं, आणि वास सुटतो. हा वास कोरडा कोको घातला तर कधीच येत नाही. गरम पाण्यानं कोको फुलतो, चव उघडते, आणि कच्चट पिठूळपणा जातो. कॉफीची चव वेगळी लागत नाही, ती फक्त चॉकलेटला वर उचलते. मग ही वाटी पूर्ण गार होऊ द्यायची, गरम असताना ॲव्होकॅडोत घातली तर मघाशी सांगितलं तसा कडवटपणा येतो.

ते गार होतंय तोवर ॲव्होकॅडो मधोमध उभं चिरायचं, बी लागेपर्यंत सुरी नेऊन गोल फिरवायची, दोन्ही हातांनी पिळल्यासारखं केलं की दोन भाग होतात. बी चमच्यानं काढा, सुरीचं टोक मारून काढायला जाऊ नका, हात कापतो. गर चमच्यानं खरवडायचा. सालीला लागून गडद हिरवा थर असतो तो घ्यायचा, पण करडे डाग असतील ते काढून टाकायचे. चिरल्यावर लगेच वापरायचं, उघडं राहिलं की हवेनं काळं पडतं. नुसतं खायचं असेल तर लिंबू लावतात, इथं चक्का आहे म्हणून लिंबू लागत नाही.

मिक्सरचं मोठं भांडं घेऊ नका, चटणीचं लहान भांडं घ्या, मोठ्यात सगळं कडेला चिकटून पातं नुसतं फिरत राहतं. आधी फक्त ॲव्होकॅडो फिरवायचं, काही न घालता. थांबून थांबून फिरवायचं, एक-दोन वेळा झाकण उघडून कडा खाली करायच्या. एकसारखं चालू ठेवलं तर भांडं गरम होतं आणि गर पातळ व्हायला लागतो. हा हिरवा गर जेव्हा मेणासारखा गुळगुळीत होतो, बोटावर घेऊन जिभेला लावल्यावर एकही कण लागत नाही, तेव्हाच पुढं जायचं. एकदा कोको घातला की काळ्या रंगात कण दिसत नाहीत, ते नंतर तोंडातच सापडतात. मग कोकोची पेस्ट, पिठी केलेलं एरिथ्रिटॉल, व्हॅनिला. कोको घातल्याबरोबर रंग आधी शेवाळी होतो, अगदी नकोसा वाटेल असा, आमच्या पुतण्यानं ते बघून "काकू, हे मी खाणार नाही हां" असं आधीच सांगून टाकलं होतं. पण अजून दोन वेळा फिरवलं की गडद तपकिरी, काळ्याकडं झुकणारा रंग येतो आणि हिरव्याचा मागमूस राहत नाही. चक्का आणि साय मात्र मिक्सरमध्ये घालायची नाही, फार फिरवलं तर साईचं लोणी निघतं. ते सगळं परातीत किंवा खोलगट भांड्यात काढून हातानं, चमच्यानं, हळूहळू मिसळायचं.

आणि मग शेवटची पायरी, जी बहुतेक जण गाळतात. पुरणाच्या चाळणीतनं गाळायचं. आत्तींनीच हे सुचवलं. त्या म्हणाल्या, "श्रीखंडाचा चक्का गाळल्याशिवाय घेतो का आपण? मग ह्यालाच का सोडायचं?" बारीक जाळीच्या चाळणीवर ओतून वाटीच्या बुडानं घासायचं. खाली जे पडतं ते रेशमासारखं, चमचा उभा केला तर हळूच कलतो असं, आणि चाळणीवर राहतात ते दोन-चार दोरे आणि कुठंतरी चुकलेली कोकोची गुठळी. आपल्याकडचं बटर फ्रूट असेल तर दोरे जास्त निघतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण ह्या पाच मिनिटांत घरगुती खटाटोप आणि हॉटेलातलं डेझर्ट यातला फरक पडतो, माझं हे ठाम मत आहे.

चव बघताना एक लक्षात ठेवा, गार पदार्थ कमी गोड लागतो. म्हणून मिक्सरमधनं काढल्यावर जे बरोबर गोड वाटतं ते फ्रिजमधनं काढल्यावर फिकं लागणार, जरा चढतं ठेवायचं. लगेच खाऊ पण नका. ताजं खाल्लं तर मागनं ॲव्होकॅडोचा हलका गवतासारखा वास येतो, तीन-चार तास फ्रिजमध्ये राहिलं की तो मुरतो, आणि दुसऱ्या दिवशी तर कुणाला सांगूनही पटत नाही की ह्यात ते फळ आहे. वाट्यांवर पातळ प्लास्टिक अगदी पदार्थाला टेकून लावायचं म्हणजे वर पापुद्रा धरत नाही. खाताना वर भाजलेल्या अक्रोडाचा चुरा आणि दोन दाणे जाडं मीठ. शेंगदाण्याचं भरड कूट पण चांगलं लागतं.

मामांना मी आधी काहीच सांगितलं नाही, वाटी पुढं ठेवली फक्त. त्यांनी बघितलं, वास घेतला, अर्धा चमचा तोंडात घातला आणि थांबले. मग म्हणाले, "सूनबाई, साखर किती घातलीस?" म्हटलं, "नाही मामा, एक दाणा नाही." त्यांनी आत्तींकडं बघितलं, आत्तींनी मान हलवली, मग त्यांनी वाटी संपवली, बोटानं निपटून संपवली. आणि तिथनं उठून हात धुवायला गेले. पुतण्यानं तोवर दुसरी वाटी उचलली होती.

पण नुसतं आवडलं म्हणून मी सोडलं नाही, शुगर वाढतेय की नाही ते बघायलाच पाहिजे होतं. जेवणानंतर दिलं तर जेवणानं किती वाढली आणि ह्यानं किती ते कळणार नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून एका दुपारी चहाच्या वेळेला फक्त हेच दिलं, आधी बोटाला टोचून बघितलं आणि दोन तासांनी परत. आधी १३१ होती, नंतर १३८. मामांनी तो आकडा स्वतः वहीत लिहिला. एका माणसाच्या एका दुपारचा आकडा आहे, सगळ्यांना असंच होईल असं मी म्हणणार नाही, ज्याच्या घरी ग्लुकोमीटर आहे त्यानं आपलं आपण बघावं. हिशोबानं पण जुळतंय म्हणा. एरिथ्रिटॉल सोडलं तर एका वाटीत फायबर वजा जाऊन साधारण तीन ते चार ग्रॅम कार्ब्ज बसतात, म्हणजे एक लहान चमचा साखरेएवढे, आणि त्याच्यासोबत फॅट आणि फायबर असल्यामुळं ते हळूहळू पचतात. पण कॅलरी आहेत हां. एका वाटीला सव्वाशेच्या आसपास, कारण फॅट आहे. लो-कार्ब म्हणजे वजन कमी करायचं औषध नाही, दोन-तीन वाट्या खाल्ल्या तर जमा होणारच. आणि जेवण सोडून नुसतं हे खायचं असं तर अजिबात करू नये, गोळ्या चालू असताना शुगर एकदम खाली जाऊ शकते.

अजून एक, कुणाच्या घरी किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. ॲव्होकॅडोत पोटॅशियम भरपूर असतं, १०० ग्रॅममध्ये जवळजवळ ४८५ मिलिग्रॅम, केळ्यापेक्षाही जास्त, आणि किडनीच्या पेशंटना पोटॅशियम मोजून खायला सांगतात. आमच्या गल्लीतल्या एका काकांना डायबेटिस आणि किडनी दोन्हीचा त्रास आहे, त्यांच्या मुलीनं रेसिपी मागितली तेव्हा मी रेसिपीच्या आधी हे सांगितलं. तिनं विचारलं, डॉक्टर नको म्हणाले, विषय संपला. चांगलं आहे म्हणून सगळ्यांनाच चांगलं असं नसतंय.

ह्या सगळ्यात मला एक गोष्ट फार आवडली, ती पुतण्यामुळं कळली. तो म्हणाला, "काकू, ह्याला जरा कोल्हापुरी टच द्या की, चटणी घाला, जाळ आणि धूर संगटच." सगळे हसले, पण मी विचार केला की ॲव्होकॅडो, कोको, व्हॅनिला आणि मिरची, चौघंही मूळ अमेरिका खंडातले. मेक्सिकोकडचे लोक शेकडो वर्षांपूर्वी कोकोच्या पेयात मिरची घालतच होते. आपल्याकडं मिरची आली पोर्तुगीजांच्या जहाजातनं, आणि आता तिच्याशिवाय कोल्हापूरची ओळखच सांगता येत नाही. मग मी दोन वाट्यांत संकेश्वरी मिरचीची पूड टाकली, अगदी चिमटीच्या टोकावर मावेल एवढी, कोको घोटतानाच, गरम पाण्याबरोबर. कांदा-लसूण चटणी नव्हे, नुसती पूड, तीसुद्धा वस्त्रगाळ. पहिला घास नेहमीसारखा गोडसर गार लागतो, आणि मग घशाशी हळूहळू ऊब येते, तिखट असं नाही, ऊबच. संकेश्वरीत जाळ जास्त म्हणून प्रमाण सांभाळायचं, भीती वाटत असेल तर ब्याडगी घ्या, रंग जास्त आणि तिखट कमी. मामांना मिरचीवालं जास्त आवडलं, आत्तींना अजिबात नाही, त्या म्हणतात गोडात तिखट म्हणजे कायतरीच.

आता गडहिंग्लजला असलेल्या माझ्या नणंदेच्या घरी पण हे सुरू झालंय. तिच्याकडं दूध कुणाला पचत नाही, म्हणून तिनं चक्का आणि साय काढून टाकली आणि घरी काढलेलं नारळाचं घट्ट दूध घातलं, पहिल्या पाण्याचं. फोनवर तिनं विचारलं, सेट होईल का, मी म्हटलं नारळाचं दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेव आणि वर घट्ट थर धरतो तेवढाच घे, खालचं पाणी घेऊ नको. तसं केल्यावर छान घट्ट झालं, फक्त आंबटपणा नाही म्हणून चव जरा सपाट लागते म्हणाली, तर तिला अर्धा चमचा लिंबाचा रस घालायला सांगितलाय आणि डच कोकोच्या जागी साधा नैसर्गिक कोको वापरून बघ म्हटलंय. तिचा आलेला फोटो मामांना दाखवला, ते म्हणाले रंग बरोबर आलाय, पण चाळलेलं दिसत नाही.